सल्लागाराचा कागद : ग्रामीण पतपाहणी समितीच्या अहवालाचें परीक्षण

राज्यकर्त्यास मसलत देणाऱ्या पुरुषाची योग्यता ठरविणें हें इतिहासाभ्यासकाच्या वाट्यास येणाऱ्या अवघड कामांपैकीं एक होय. सेनापतीचा जय किंवा पराजय रणांत दिसतो; मामलेदाराची करणी जमाखर्चांत उतरते; परंतु मसलत देणाराचें काम दुसऱ्याच्या हातून घडतें आणि दुसऱ्याच्या नांवावर चढतें. कार्य सिद्धीस गेलें तर तें राजाचें यश ठरतें. फसलें तर मसलतच खोटी होती असें म्हणावयास सर्वजण मोकळे असतात. जुन्या राज्यांतील मंत्री, अमात्य व कारभारी यांच्या कागदांची छाननी आमच्याकडे पुष्कळ झाली. परंतु गेल्या शतकांत त्यांच्या जागीं जो नवा पुरुष आला, म्हणजे सरकारास देशाच्या उन्नतीचा मार्ग सांगणारा अर्थशास्त्रज्ञ, त्याचे कागद मात्र अद्यापि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडेच राहिले आहेत. त्यांतले कित्येक आतां सत्तर वर्षांचे जुने झाले. सत्तर वर्षांचा कागद हा इतिहासाचा कागद होय, आणि त्याची परीक्षा इतर साधनांच्या परीक्षेप्रमाणेंच झाली पाहिजे, असें आमचें मत आहे.

या परीक्षेसाठीं आम्हीं अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीचा साधारण अहवाल निवडला आहे. रिझर्व्ह बँकेनें १९५१ सालीं ही समिति नेमली आणि डिसेंबर १९५४ मध्यें हा अहवाल बाहेर आला. समितींत चौघे होते. अध्यक्ष ए. डी. गोरवाला हे मुलकी सेवेंतील निवृत्त अधिकारी, बी. वेंकटप्पय्या हे रिझर्व्ह बँकेच्या कारभारांतले, एन. एस. आर. शास्त्री हे सांख्यिकीचे जाणते. आणि चौथे पुण्याच्या गोखले संस्थेचे प्रा. धनंजयराव गाडगीळ. राजानें तीन किंवा चार मंत्र्यांशीं मसलत करावी, एकाशीं केल्यास बिकट प्रसंगीं निर्णय लागत नाहीं आणि दोघे मिळून राजासच गुंडाळतात, असा कौटिल्याचा अभिप्राय आहे. त्या मापानें ही समिति बरोबर बेताची होती. अहवाल चौघांचा आहे. त्यांतील कोणतें वाक्य कोणाच्या लेखणीचें हें शोधण्याचा खटाटोप आम्ही करीत नाहीं. ज्यांनीं सही केली त्यांचा तो आहे. तरी पण गाडगिळांकडे आमचें लक्ष अधिक राहील. कारण चौघांत धंद्यानें अर्थशास्त्रज्ञ असून आयुष्यभर सरकारास सल्ला देत राहिले ते हेच होत, आणि त्यांच्या पुढील चरित्रांत या अहवालाच्या गुणदोषांवर प्रकाश पाडणारी एक गोष्ट आहे.

कर्ज आणि मसलत यांचा संबंध महाराष्ट्रास नवा नाहीं. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत (सुमारें इ. स. १७१५) साहुकार हा राज्यास शोभा आणणारा आहे, संकटसमयीं त्याच्यापासून द्रव्य मिळतें, म्हणून त्याची जपणूक करावी, असा उपदेश आहे. पुढें एकशें साठ वर्षांनीं, १२ मे १८७५ रोजीं, भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें रयतेनें सावकारांचीं घरें गांठून कर्जरोखे जाळले. दोघेहि सावकारच, परंतु अमात्यांचा साहुकार राजाला कर्ज देणारा, सुप्याचा सावकार कुणब्याला कर्ज देणारा, आणि या दुसऱ्याच्या पाठीशीं इंग्रजी दिवाणी न्यायालय उभें होतें. सल्लागार कोठें उभा राहून पाहतो यावर त्याची मसलत किती अवलंबून असते, हें या दोन उदाहरणांवरून ध्यानांत यावें. दंग्यांच्या चौकशीसाठीं कमिशन बसलें. १८७९ सालीं दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला. १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. तात्पर्य, रोग्याची नाडी पाहून औषध लिहून देणारे वैद्य पाऊणशें वर्षें येतच होते. १९५१ ची समिति त्याच परंपरेंतली. पण तिनें औषध लिहिण्यापूर्वीं सबंध देशांत मोजदाद करविली, हें तिचें वैशिष्ट्य.

मोजदाद कशी होती तें सांगितलें पाहिजे. ७५ जिल्ह्यांतून ६०० गांवें निवडण्यांत आलीं आणि त्यांतील १,२७,३४३ कुटुंबांची विचारपूस झाली. शेतकऱ्यानें काढलेल्या प्रत्येक शंभर रुपये कर्जापैकीं किती कोठून आले याचें उत्तर असें निघालें : धंदेवाईक सावकाराकडून ४४.८, शेती करणाऱ्या सावकाराकडून २४.९, नातलगांकडून १४.२, व्यापारी व अडत्यांकडून ५.५, सरकारकडून ३.३, सहकारी संस्थांकडून ३.१, जमीनदारांकडून १.५, व्यापारी बँकांकडून ०.९ आणि इतरांकडून १.८. म्हणजे १९०४ च्या कायद्यास सत्तेचाळीस वर्षें झाल्यावर सहकाराचा वाटा शंभरांत तीन रुपये, आणि सावकारांचा जवळ जवळ सत्तर.

हा आकडा छापणें ही साधी गोष्ट नव्हती. सहकारावर सरकारची मेहेरनजर होती. मोठमोठ्या पुढाऱ्यांनीं त्यासाठीं आयुष्य वेंचलें होतें. परिषदांतून त्याचीं स्तोत्रें गाइलीं जात होतीं. अशा वेळीं, आजवरचा सहकार फसला आहे, असें या चौघांनीं स्पष्ट लिहिलें. भारवीच्या किरातार्जुनीयाच्या आरंभीं वनेचर युधिष्ठिरापुढें येतो आणि शत्रूचा उत्कर्ष कांहींएक न लपवितां सांगतो. धन्यास जें ऐकावयास आवडणार नाहीं तें सांगण्याचें धैर्य हा हेराचा व मंत्र्याचा पहिला गुण. तो गुण या अहवालांत पूर्ण उतरला आहे, आणि केवळ एवढ्यासाठींहि तो मराठी वाचकानें एकदां नजरेखालून घालावा.

परंतु समिति तेथें थांबली नाहीं. सहकार फसला असला तरी तो यशस्वी केल्यावांचून गत्यंतर नाहीं, हें तिचें पुढचें म्हणणें. फसण्याचें कारण तिनें माणसांच्या दुर्गुणांत न शोधतां गांवाच्या रचनेंत शोधलें. गांवांत सगळे सारखे नसतात. सावकार, व्यापारी, मोठा बागायतदार आणि यांचे चावडी-कचेरींतले सोयरे अशी एक साखळी असते. तिच्यापुढें दहापांच दुबळ्यांची पतपेढी टिकत नाहीं. दुबळ्यांस दुबळ्यांशीं जोडून बळ येत नाहीं, म्हणून त्यांच्या बाजूला एक बलवान भागीदार हवा, आणि तसा बलवान एकच, तो म्हणजे राज्य. या विचारांतून राज्याच्या भागीदारीची योजना निघाली. सहकारी बँकांत सरकारनें भागभांडवल घालावें, कर्ज, मालाची विक्री व त्यावरील प्रक्रिया यांची सांगड घालावी, गुदामें बांधावीं, जमिनीच्या तारणाऐवजीं उभ्या पिकाच्या भरंवशावर कर्ज द्यावें, माणसें शिकवून तयार करावीं, आणि इम्पीरियल बँकेचें रूपांतर करून खेड्यांजवळ पोंचणारी एक सरकारी बँक उभारावी. सरकारनें हा सल्ला विलक्षण त्वरेनें उचलला. १ जुलै १९५५ रोजीं स्टेट बँक अस्तित्वांत आली आणि पांच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचें बंधन तिच्यावर घालण्यांत आलें. १९५६ सालीं गुदामांचा कायदा होऊन तद्विषयक मंडळ स्थापन झालें. सल्लागाराचा कागद इतक्या लवकर राज्याच्या करणींत उतरल्याचीं उदाहरणें थोडीं आहेत.

हा सल्ला हवेंतून आला नव्हता. गाडगिळांचा केंब्रिज येथील प्रबंध हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवर होता. तो १९२४ सालीं ग्रंथरूपानें निघाला. १९४५ सालीं शेतीच्या भांडवलाविषयींच्या उपसमितीचे ते अध्यक्ष होते. गोदावरी व प्रवरा कालव्यांपासून प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ काय झाला याची पाहणी त्यांनीं केली. ती १९४८ सालीं छापली गेली. त्याच प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटलांनीं शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना काढला, तेव्हां हा पुण्याचा प्राध्यापक त्याचा अध्यक्ष झाला. दुसऱ्यास सांगावयाचें तें आधीं स्वतः करून पाहणारा सल्लागार विरळा. हें ध्यानांत ठेवूनच आम्ही पुढील दोष दाखवीत आहों.

परीक्षेची कसोटी कोणती घ्यावी ? आकड्यांची परीक्षा सांख्यिकी जाणणारांनीं केली आहे. डॅनियल थॉर्नर यांनीं १९६० च्या सुमारास या पाहणीवर त्या अंगानें टीका केली. तो आमचा अधिकार नव्हे. आम्ही जुनीच कसोटी घेतों. मसलतीचीं पांच अंगें कौटिल्यानें सांगितलीं आहेत : कार्याचा आरंभ कसा करावा तो उपाय; माणसें व द्रव्य यांची तरतूद; देश आणि काल यांचा विचार; विघ्न आलें तर त्याचा प्रतिकार; आणि कार्याची सिद्धि. हीं अंगें राजनीतीसाठीं सांगितलीं असलीं तरी ग्रामीण कर्जाच्या योजनेस तीं तितकींच लागू पडतात.

पहिलीं दोन अंगें अहवालांत उत्तम आहेत. काय करावें, कोणी करावें, पैसा कोठून आणावा, याची इतकी नेमकी मांडणी सरकारी कागदांत क्वचितच आढळते.

तिसऱ्या अंगांत मात्र उणेपणा जाणवतो. सहकार मुंबई व मद्रास या प्रांतांत कांहींसा रुजला होता. इतर पुष्कळ प्रदेशांत तो नांवालाच होता. असें असतां सबंध देशास एकच आंखणी सुचविण्यांत आली. संस्था मोठ्या असाव्या, अनेक गांवांची मिळून एक असावी, हाहि आग्रह सर्वत्र सारखाच. सर माल्कम डार्लिंग यांनीं १९५७ सालच्या आपल्या अहवालांत लहान, परस्परांस ओळखणाऱ्या माणसांच्या संस्थेची बाजू घेतली, आणि १९५८ च्या नोव्हेंबरांत राष्ट्रीय विकास परिषदेनेंहि गांव हाच सहकाराचा घटक मानावा असा ठराव केला. म्हणजे चार वर्षांच्या आंत मूळ सल्ल्याचें एक अंग राज्यकर्त्यांनींच फिरविलें.

कालाचा दोष याहून सूक्ष्म आहे. समितीच्या कामाचे तीन खंड आहेत : पहिला पाहणीचा, दुसरा साधारण अहवालाचा, तिसरा पाहणीच्या पद्धतीचा. यांपैकीं दुसरा आधीं प्रसिद्ध झाला. पहिला व तिसरा मागाहून आले. म्हणजे निर्णय आधीं वाचावयास मिळाला आणि पुरावा नंतर ! ठळक आकडे साधारण अहवालांत दिले होते हें खरें. परंतु ज्यांस ते पडताळून पाहावयाचे होते त्यांच्या हातीं साधन पडेपर्यंत स्टेट बँक स्थापन झाली होती. सरकार घाईंत होतें, तेव्हां सल्लागारांचा नाइलाज असेल. पण इतिहासाच्या क्षेत्रांत कोणी आधीं सिद्धान्त छापून अस्सल कागद दोन वर्षांनीं दाखवूं म्हणेल तर आम्ही त्यास काय म्हणूं, याचा विचार वाचकांनींच करावा.

आतां चौथें अंग. आमचा मुख्य आक्षेप येथेंच आहे. राज्य हा बलवान भागीदार दुबळ्यांच्या बाजूनें उभा राहील, हें गृहीत धरून सारी इमारत रचली आहे. राज्यानें साह्य करावें, अंमल गाजवूं नये, आणि प्राथमिक संस्थांतील सरकारी भाग सभासदांच्या भागांनीं हळूहळू परत फिरावे, असा अहवालाचा आशय आहे. परंतु राज्यानें तसें केलें नाहीं तर काय ? भागीदारच धनी होऊन बसला तर ? किंवा गांवांतली ज्या साखळीचें वर्णन समितीनेंच इतक्या मार्मिकपणें केलें, तिनेंच त्या बलवान भागीदारास आपल्या बाजूस वळविलें तर ? या विघ्नाचा प्रतिकार आमच्या वाचनांत तेथें कोठेंहि आला नाहीं. सावकाराचें बळ मोजलें. राज्याचें बळ मोजावयाचें राहिलें. ज्या चौघांनीं कचेरींतील माणूस सावकाराचा सोयरा असतो असें लिहिलें, त्यांनींच कचेरीच्या मालकाच्या हातीं दुबळ्याची किल्ली दिली.

येथें आम्ही स्वतःचा एक अनुभव सांगतों. तो लहान आहे, पण कागदाच्या परीक्षेशीं त्याचा संबंध आहे. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं आम्ही एका खेड्यांतील शाळेंत संस्कृत व मराठी शिकवीत होतों. अक्षर बरें म्हणून तेथील सोसायटीच्या वार्षिक सभेचें इतिवृत्त लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें. सभेची वेळ झाली, गणपूर्ति नव्हती. सभा अर्धा तास तहकूब झाली. तहकूब सभेस गणपूर्ति लागत नाहीं; तेव्हां त्याच आठ-दहा माणसांनीं ती भरविली. ठराव तालुक्याहून लिहून आले होते. आम्हीं ते सुवाच्य अक्षरांत उतरविले आणि प्रत्येकाखालीं ‘सर्वानुमतें मंजूर’ असें लिहिलें. पारावर दोघे अल्पभूधारक बसून होते. त्यांचे भाग कर्जांतून कापून घेतलेले होते, म्हणजे ते त्या संस्थेचे मालक होते. परंतु मालकांस आंत बोलवावें असें कोणास वाटलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसहि त्या वेळीं वाटलें नाहीं. तें इतिवृत्त पुढें तालुक्यास गेलें असेल, तेथून जिल्ह्यास, आणि कोणा समितीच्या परिशिष्टांत एक यशस्वी सभा म्हणून मोजलेंहि गेलें असेल. अस्सल कागद खोटें कसें बोलतो हें आम्ही दप्तरखान्यांत नव्हे, तर आपल्याच हस्ताक्षरांत शिकलों.

पांचवें अंग सिद्धीचें. शेतकरी कुटुंबांच्या कर्जांत सरकार, सहकार व बँका यांचा मिळून वाटा १९५१ सालीं ७.३ टक्के होता. पुढील पाहण्यांत तो १९६१ सालीं १८.७, १९७१ सालीं ३१.७ आणि १९८१ सालीं ६३.२ टक्के असा चढत गेला. ही तुलना स्थूल मानावी. शिवाय १९६९ सालीं चौदा बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें, तेव्हां यांतील बराच भाग त्याच्या खात्यावर टाकला पाहिजे. तरीहि सावकाराचा पाश सैल झाला हें कोणास नाकारतां येणार नाहीं, आणि त्या कामीं १९५४ च्या सल्ल्याचा वाटा आहे. परंतु दुसरी बाजू अशी कीं, पन्नास वर्षांनीं सहकारी पतसंस्थाच कर्जाच्या गाळांत रुतल्या आणि त्यांना वर काढण्यासाठीं २००४ सालीं अर्थशास्त्रज्ञ ए. वैद्यनाथन यांच्या अध्यक्षतेखालीं दुसरा सल्लागारगट नेमावा लागला. २००५ च्या आरंभीं आलेल्या त्याच्या अहवालानें रोगाचें निदान काय केलें ? राज्य एकाच वेळीं भागीदार, व्यवस्थापक, नियामक, देखरेख करणारें व हिशेबतपासनीस होऊन बसलें, हें त्यांतील एक मुख्य कारण. औषध म्हणून दिलें होतें तेंच निदानांत आलें. एका सल्लागाराच्या कागदाची इतकी चोख परीक्षा दुसऱ्या सल्लागाराच्या कागदानें झाल्याचें उदाहरण इतिहासांत सहसा सांपडत नाहीं.

यावर पूर्वपक्ष असा होऊं शकेल कीं, हें सर्व पश्चाद्बुद्धीचें शहाणपण आहे. १९५४ च्या माणसास २००५ चें ज्ञान कोठून असणार? शिवाय सल्ला देणारानें दिला. राबविणारांनीं तो विटाळला तर सल्लागाराचा काय अपराध? दोन्ही आक्षेप विचारार्ह आहेत. पहिल्याचें उत्तर असें कीं, आम्ही २००५ चें ज्ञान त्यांच्यावर लादीत नाहीं. गांवचे बलिष्ठ लोक प्रत्येक नव्या संस्थेस गिळतात, हें ज्ञान अहवालांतच आहे. तें सहकारी पेढीस लावलें आणि राज्यास लावलें नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें. वेळेवर सावध करणारी वाणी त्या काळीं अशक्य होती असेंहि नाहीं. १९५५ सालीं दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर मत देण्यासाठीं सरकारनें अर्थशास्त्रज्ञांचें मंडळ नेमलें होतें. त्यांत बी. आर. शेणॉय यांनीं एकट्यानें भिन्नमतपत्रिका जोडली. योजनेंत १,२०० कोटि रुपयांची तूट नव्या चलनानें भरून काढावयाची होती. ती झेंपणार नाहीं, आणि नियंत्रणांचा विस्तारहि हितावह नाहीं, असें त्यांनीं लिहिलें. १९५७ सालीं परकीय चलनाची टंचाई ओढवली, तेव्हां त्या पत्रिकेचें स्मरण पुष्कळांस झालें. शेणॉयांचें सर्वच म्हणणें खरें ठरलें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्या मतांविषयीं आजहि वाद आहे. परंतु राज्याच्या सामर्थ्यालाहि सीमा असते हा विचार त्या दशकांत मांडतां येत होता, आणि तो मांडला गेला, एवढें यावरून सिद्ध होतें.

दुसऱ्या आक्षेपाचें उत्तर अधिक कठीण आहे. सल्लागारास राबविणारांच्या सर्व पापांचा धनी करणें अन्याय होय. परंतु राबविणारा कसा आहे हें ओळखणें हाहि सल्ल्याचाच भाग आहे. पथ्य पाळणार नाहीं असा रोगी समोर असतां जो वैद्य पथ्यावरच गुण अवलंबून असलेलें औषध देतो, त्यास औषध शास्त्रशुद्ध होतें असें म्हणून सुटतां येत नाहीं. आणि येथें तर पथ्य राज्यानें पाळावयाचें व न पाळल्यास भोगावयाचें दुसऱ्यानें. सल्ला मागणारें सरकार, देणारा पंडित, आणि परिणाम ज्याच्या घरीं उतरतो तो पारावर बसलेला माणूस. या तिघांत तिसऱ्याची गांठ पहिल्या दोघांशीं क्वचितच पडते. म्हणूनच विघ्नाचा विचार सल्लागारानें त्याच्या वतीनें केला पाहिजे.

आरंभीं आम्हीं गाडगिळांच्या पुढील चरित्राचा उल्लेख केला होता. १९६७ सालीं ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. म्हणजे बाहेरून सल्ला देणारा पुरुष राज्याच्या दाराच्या आंत गेला. त्या वेळीं केंद्राकडून राज्यांस मिळणारें योजनासाह्य बव्हंशीं योजनावार व केंद्राच्या मर्जीप्रमाणें ठरत असे. गाडगिळांनीं त्यास एक सूत्र लावलें, आणि १९६९ पासून चौथ्या योजनेंत तें अमलांत आलें. आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीर यांची गरज आधीं वेगळी काढावी. उरलेल्या रकमेचे साठ टक्के लोकसंख्येवर वांटावे. दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीखालीं असलेल्या राज्यांस दहा. कर उभारण्याच्या प्रयत्नास दहा. चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांस दहा. आणि विशेष अडचणींस दहा. मिळणाऱ्या रकमेंत तीस टक्के अनुदान व सत्तर टक्के कर्ज. गरीब राज्यांस दहा टक्के म्हणजे फारच थोडे, अशी टीका झाली व ती योग्य होती; १९८० सालीं हा वाटा वाढविण्यांत आला. पुढें योजना आयोगच राहिला नाहीं, १ जानेवारी २०१५ रोजीं त्याच्या जागीं नीति आयोग आला, आणि आज तें सूत्र व्यवहारांत नाहीं.

परंतु आम्हांस त्या आंकड्यांहून त्यांमागचा विचार महत्त्वाचा वाटतो. या सूत्रानें काय केलें ? देणाऱ्याचा हात नियमानें बांधला. कोणा मुख्यमंत्र्यानें दिल्लीस जाऊन मनधरणी केली किंवा न केली तरी मोठा वाटा गणितानें ठरूं लागला. १९५४ च्या अहवालांत बलवान भागीदारावर जो विश्वास होता, त्याच्या जागीं येथें बलवानास बांधून घेण्याची युक्ति दिसते. पहिल्या कागदांत जें चौथें अंग नव्हतें तें दुसऱ्यांत आहे. गाडगिळांनीं स्वतः हे दोन कागद असे शेजारीं ठेवले असते कीं नाहीं कोण जाणे. हा आमचा तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच घ्यावा. पण राज्याशीं पंधरा वर्षांचा निकट संबंध आल्यावर एका विचारी माणसानें राज्याविषयीं कांहीं शिकून घेतलें असावें, असें मानण्यास हे दोन कागद जागा देतात. १९७१ सालीं तें पद सुटल्यावर दिल्लीहून पुण्यास परत येत असतां आगगाडींतच त्यांचा अंत झाला. त्यामुळें आपल्या सल्ल्यांचा ताळेबंद त्यांच्या हातून मांडला गेला नाहीं. तें काम मागच्यांकडे आलें आहे.

असो. या परीक्षणाचा निष्कर्ष थोडक्यांत सांगतों. ग्रामीण पतपाहणी समितीचा अहवाल हा मोजून, निर्भयपणें व दुबळ्यांविषयींच्या कळकळीनें लिहिलेला कागद आहे. त्याच्या योग्यतेचे कागद स्वतंत्र भारतांत थोडे निघाले. त्याचा दोष कळकळ कमी पडल्याचा नाहीं. ज्याच्या हातीं अन्न खातों त्याच्याकडे त्याच डोळसपणानें न पाहिल्याचा आहे. हा दोष मंत्र्यांच्या जातीसच लागलेला आहे. आज्ञापत्रकारांपासून तो दिसतो. म्हणून सल्लागाराचा कागद हातीं आला म्हणजे त्यानें शत्रूविषयीं काय लिहिलें याबरोबरच धन्याविषयीं काय लिहावयाचें राहिलें, तेंहि अभ्यासकानें शोधावें.

शेवटीं एक विनंति. अहवाल छापले जातात व ग्रंथालयांत टिकतात. ज्यांच्यावर ते लिहिले गेले त्यांचे कागद टिकत नाहींत. गांवोगांवच्या जुन्या सोसायट्यांचीं ठरावबुकें, कर्जखतावण्या, वसुलीच्या याद्या आजहि लोखंडी कपाटांतून पडून आहेत. कांहीं वाळवीच्या तोंडीं आहेत, कांहीं रद्दींत जात आहेत. ज्यांस शक्य असेल त्यांनीं आपापल्या गांवचें दप्तर पाहून त्याची निदान यादी तरी करून ठेवावी. ती करतांना ‘सर्वानुमतें मंजूर’ या शब्दांपाशीं थांबून, त्या दिवशीं सभेस किती जणांच्या सह्या आहेत, तें मोजून पाहावें.